जेडी समोर ठेवून रेझ्युमे कसा बदलायचा

रेझ्युमे नोकरीप्रमाणे बदला असं सांगितलं की बहुतेक जण जेडीतले, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शनमधले (जाहिरातीतलं कामाचं आणि पात्रतेचं वर्णन), शब्द उचलतात आणि आपल्या रेझ्युमेत पेरतात. या कामातला हा सगळ्यात सोपा भाग, आणि एकटा केला तर फारसा उपयोगाचा नाही. खरं काम क्रम लावण्याचं आहे. त्या जागेसाठी मोलाचा ठरेल असा अनुभव तुमच्या रेझ्युमेत बहुधा असतोच. फक्त तो दुसऱ्या पानावर, पाचव्या मुद्द्यात, भलत्याच नावाने पडलेला असतो. तो वर आणायचा, समोरचे लोक त्याला जे म्हणतात ते नाव द्यायचं आणि शेजारी पुरावा ठेवायचा. पहिल्या खेपेला याला दीड-दोन तास लागतील. हात बसला की अर्ध्या तासात होतं.

आधी एक मोठी फाइल

ही फाइल कोणालाही पाठवायची नसते. आजवरची प्रत्येक नोकरी, प्रत्येक काम, वापरलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर, घेतलेलं ट्रेनिंग, सगळं तिच्यात टाका. चार-पाच पानं झाली तरी हरकत नाही. प्रत्येक कामापुढे सापडतील ते आकडे लिहा: किती माल, किती ग्राहक, किती माणसं हाताखाली, किती दिवसांत, चुका किती कमी झाल्या. जुने अप्रेझल फॉर्म आणि महिन्याचे रिपोर्ट चाळले की बरेचसे मिळतात. नोकरी सोडल्यावर ते हाती लागणार नाहीत, म्हणून असतानाच टिपून ठेवा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी आणू नका. आकडा लक्षात असला की पुरे.

यापुढचा प्रत्येक रेझ्युमे या फाइलमधून निवडून काढायचा. मागच्या अर्जाचा रेझ्युमे घेऊन त्यावरच डागडुजी करत राहिलात, तर चार अर्जांनंतर तो कुठल्याच जागेचा राहत नाही.

जेडीची चिरफाड

सगळ्यात आधी जेडी कॉपी करून स्वतःकडे सेव्ह करा. जाहिरात बंद झाली की लिंक जाते आणि मुलाखतीचा फोन त्यानंतर येतो.

मग त्यातला फापटपसारा खोडा. कंपनीची स्तुती, सोयीसुविधा, ‘उत्साही वातावरण’, ‘उत्तम संवादकौशल्य’. या गोष्टी प्रत्येक जेडीत असतात, त्यामुळे त्यांच्यावरून काहीच कळत नाही. उरलेल्या दहा-पंधरा ओळींवर तीन प्रकारच्या खुणा करा: ज्याशिवाय चालणारच नाही ती अट, असेल तर बरं अशी पसंती, आणि रोजचं काम.

दोन गोष्टींवर विशेष नजर ठेवा. एक, जबाबदाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या तीन-चार ओळी. लिहिणारा सहसा महत्त्वाचं आधी लिहितो. दोन, जबाबदाऱ्या आणि पात्रता या दोन्हीकडे पुन्हा येणारी गोष्ट. बहुधा तिथेच त्यांची अडचण आहे.

क्रियापदंही वाचा. विभाग उभारायचा आहे, चालवायचा आहे, की सुधारायचा आहे? तिन्हींसाठी माणूस वेगळा लागतो. ‘नवी सिस्टीम बसवणे’ असं लिहिलेल्या जागेसाठी ‘सिस्टीम सुरळीत चालवली’ हा मुद्दा पहिला लावला, तर शब्द जुळतात आणि माणूस जुळत नाही.

काही जेडी जुन्या जेडीवरून उतरवलेले असतात आणि त्यात परस्परविरोधी गोष्टी सापडतात. तिथे पदाचं नाव आणि पहिल्या काही जबाबदाऱ्या प्रमाण माना. सगळ्या अटी बसल्याच पाहिजेत असं नाही. दोन-तृतीयांश बसत असतील आणि मुख्य काम तुम्ही केलेलं असेल, तर अर्ज करावा. लायसन्स, सक्तीचं प्रमाणपत्र, कामाचा परवाना यांत मात्र सवलत मिळत नाही.

शेजारी शेजारी मांडा

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जेडीची ओळ, उजवीकडे मोठ्या फाइलमधला पुरावा. समजा, जागा वेअरहाऊस सुपरवायझरची आहे आणि जेडीत ‘सायकल काउंट घेऊन स्टॉकमधला फरक कमी करणे’ असं लिहिलं आहे. (सायकल काउंट म्हणजे सगळा स्टॉक एकदम न मोजता ठरावीक अंतराने थोडा थोडा मोजणं.) उमेदवाराच्या जुन्या रेझ्युमेतली ओळ अशी:

‘गोदामाचे दैनंदिन कामकाज सांभाळले व साठ्याची नोंद ठेवली.’

हे खोटं नाही, पण यातून काही कळत नाही. काम तेच, आता असं लिहा:

‘दर आठवड्याला ३०० लोकेशनचा सायकल काउंट; सिस्टीम आणि प्रत्यक्ष स्टॉक यांतला फरक ८ महिन्यांत २.४ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर.’

इथे ‘सायकल काउंट’ हा शब्द जेडीतला आहे, पण वजन त्यामागच्या आकड्याला आहे. कसं केलं, किती केलं आणि काय झालं, तिन्ही एका ओळीत आलं. फरक किती कमी झाला हे माहीतच नसेल, तर निदान कामाचा आकार सांगा: ‘६,००० आयटमचं गोदाम, दोन शिफ्ट, १८ जणांची टीम.’ अंदाजाचा आकडा असेल तर ‘सुमारे’ लिहा. तो कसा काढला हे मुलाखतीत विचारतात, तेव्हा उत्तर तयार हवं.

आता हाच माणूस डिस्पॅच कोऑर्डिनेटरच्या जागेसाठी अर्ज करतोय असं धरा. त्याच नोकरीखालचा पहिला मुद्दा बदलतो: ‘रोज सरासरी ४५ गाड्यांचं डिस्पॅच, वेळेत निघणाऱ्या गाड्या ८१ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर.’ सायकल काउंट तिसऱ्या क्रमांकावर जातो, सेफ्टी ट्रेनिंग गळतं. नवीन काही शोधून लिहिलेलं नाही, फक्त वरखाली केलं.

उजवी बाजू कोरी राहिली तर काय? समजा एसएपी मागितलं आहे आणि तुम्ही ओरॅकल वापरलं आहे. (दोन्ही ईआरपी, म्हणजे कंपनीचा साठा, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणारी सॉफ्टवेअर.) एसएपी लिहू नका. ‘ओरॅकल ईआरपीवर ३ वर्षं इनवर्ड-आउटवर्ड नोंदी’ असं लिहा. ‘ईआरपी’ हा दोघांनाही लागू पडणारा शब्द आहे आणि वाचणाऱ्याला साम्य आपोआप दिसतं. जवळपासचंही काही नसेल तर ती ओळ सोडून द्या. नसलेलं कौशल्य लिहून मिळवलेला मुलाखतीचा फोन पहिल्याच तांत्रिक प्रश्नाला फुकट जातो.

पहिल्या पानाचा वरचा भाग

चाळणारा माणूस पुढे वाचायचं की नाही हे इथेच ठरवतो. म्हणून सगळ्यात जास्त वेळ या भागाला द्या.

नावाखाली पदाचं नाव जेडीत आहे तसं लिहा, अर्थात तुम्ही ते काम खरंच करत असाल तर. मागच्या नोकऱ्यांची अधिकृत पदनावं मात्र बदलायची नाहीत. पडताळणीत ती जुळली नाहीत तर हातात आलेली ऑफर जाऊ शकते. कंपनीने दिलेलं नाव बाहेर कोणाला कळणार नाही असं असेल, ‘ऑपरेशन्स असोसिएट ३’ वगैरे, तर ते तसंच ठेवून पुढे कंसात कामाचं नेहमीचं नाव द्या.

त्याखाली दोन-तीन ओळींचा सारांश, पन्नासेक शब्दांचा: किती वर्षं, कुठल्या प्रकारचं काम, जेडीतल्या पहिल्या दोन गरजांना उत्तर देणारे दोन पुरावे. ‘आव्हानात्मक पदाच्या शोधात’ ही ओळ काढून टाका. मग आठ ते बारा कौशल्यं, जेडीच्या क्रमाने. टायपिंग आणि ईमेल त्यात घालू नका.

एक ओळ आत आली की एक बाहेर गेली पाहिजे. साधारण दहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान बहुधा पुरतं, त्यापुढे दोन. जुनी नोकरी एका ओळीत आणा, पण अलीकडच्या काळातली एखादी पूर्ण गायब करू नका. तारखांमधली फट त्या नोकरीपेक्षा जास्त लक्ष वेधते.

एटीएसची भीती, आणि खरी भीती कशाची

एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम, कंपनीकडे आलेले अर्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर) म्हणजे रेझ्युमे फेकून देणारा यंत्रमानव, असा समज पसरला आहे. मुळात हे सॉफ्टवेअर फाइलमधला मजकूर काढून नाव, नोकऱ्या, तारखा, शिक्षण अशा खणांत भरतं, आणि मग भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. काही ठिकाणी जुळणीप्रमाणे क्रमही लागतो. थेट बाद होण्याची शक्यता जास्त असते ती अर्जासोबतच्या प्रश्नांमुळे: किती वर्षांचा अनुभव, परवाना आहे का, कधी रुजू होणार. रेझ्युमेवर तास घालवून हे प्रश्न दोन मिनिटांत उरकणारे पुष्कळ आहेत.

शोध शब्दाशब्दाने होत असल्यामुळे लघुरूप आणि पूर्ण नाव दोन्ही एकेकदा येऊ द्या. ‘सीआरएम’ शोधणाऱ्याला ‘कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट’ सापडेलच असं नाही.

मांडणीत गडबड होते ती अशी. दोन कॉलम असले की काही वेळा डावी-उजवी ओळ एकमेकींत मिसळते. टेक्स्ट बॉक्समधला मजकूर सुटू शकतो. हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर वाचला न जाण्याची शक्यता असते, म्हणून तो मुख्य पानावरच लिहा. कौशल्यापुढचे तारे आणि पट्ट्या मजकुरात उतरत नाहीत, आणि पाचपैकी चार तारे म्हणजे नेमकं काय हे माणसालाही कळत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो.

तपासायला एक मिनिट लागतं: फाइल उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे जो क्रम आणि जे शब्द दिसतील, साधारण तेच सॉफ्टवेअरला दिसतात. मराठीत रेझ्युमे द्यायचा असेल तर ही चाचणी चुकवूच नका. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर इथे अगम्य चिन्हांचा ढीग होऊन बाहेर पडतो.

पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवण्याची युक्ती अजून फिरते आहे. मजकूर बाहेर काढला की रंग जातो आणि ते शब्द उघडे पडतात. जुळणीचे टक्के सांगणाऱ्या साइट्सचंही तसंच: एखादा राहून गेलेला शब्द दाखवतील, तेवढा घ्या. शंभर टक्क्यांच्या मागे लागलात तर रेझ्युमे जेडीची नक्कल वाटू लागतो, आणि बऱ्याचदा तो जेडी लिहिणारा माणूसच तुमचा रेझ्युमे वाचत असतो.

एआयकडून रेझ्युमे जुळवून घेतलात तर प्रत्येक ओळ मोठ्या फाइलशी ताडून बघा. जेडीत मागितलेलं आणि तुमच्याकडे नसलेलं कौशल्य ते बिनदिक्कत लिहून टाकतं, कधी आकड्यासकट.

पाठवण्याआधी

रेझ्युमे आणि पदाचं नाव एखाद्या मित्राला द्या, अर्ध्या मिनिटाने कागद काढून घ्या आणि काय लक्षात राहिलं ते विचारा. त्याने सांगितलेल्या गोष्टी जेडीच्या पहिल्या चार ओळींत नसतील, तर वरचा भाग पुन्हा लिहा. मग स्वतः वाचा आणि ज्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येणार नाही ती काढा.

सारांशात किंवा फाइलच्या नावात मागच्या अर्जातल्या कंपनीचं नाव राहिलं नाही ना, हे शेवटी बघा. तारखा आणि पदनावं तुमच्या ऑनलाइन प्रोफाइलशी जुळतात का, तेही. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद एवढंच असावं. ‘फायनल २ नवीन’ नको. फॉर्ममध्ये जो फाइल प्रकार मागितला असेल तो द्या, काहीच सांगितलं नसेल तर मजकूर निवडता येणारी पीडीएफ.

एका साध्या तक्त्यात तारीख, कंपनी, पद, सेव्ह केलेला जेडी आणि पाठवलेली आवृत्ती लिहून ठेवा. पंधराएक अर्ज झाले की तो उघडा. एकही फोन आला नसेल, तर वरचा भाग तरी चुकतोय किंवा निवडलेल्या जागा तरी. फोन येऊन पहिल्या मुलाखतीत अडत असेल, तर रेझ्युमेला हात लावू नका. त्याच्यातल्या ओळींवर बोलायची तयारी करा.