शिवार फेरीला गावाचा गट न्यायचा आहे? तयारी घरच्या वावरातून सुरू करा

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात खरिपाची पिकं उभी असताना शिवार फेरी भरते, बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. त्या दिवसांत विद्यापीठाची वावरं सगळ्यांसाठी खुली असतात आणि ज्यांनी वाण काढले ती माणसं पिकाजवळच भेटतात. डिसेंबरात, पंजाबरावांच्या २७ तारखेच्या जयंतीच्या आसपास, कृषी प्रदर्शनही भरतं. प्रदर्शनात अवजारं, स्टॉल आणि भाषणं असतात. फेरीत पीक मातीत उभं दिसतं, आपल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वयाची पऱ्हाटी दिसते. गावातून वर्षात एकदाच गाडी काढणं परवडत असेल तर ती फेरीलाच काढा.

फेरीला गर्दी मोठी असते. एका प्लॉटवर शास्त्रज्ञासमोर तुमच्या गटाला पाच-सात मिनिटं मिळाली तरी पुष्कळ झाली. ती "पिवळं पडून राहिलं, औषध सांगा" एवढ्यावर गेली तर उत्तरही तेवढंच मोघम मिळतं. म्हणून खरं काम निघायच्या आधी, आपल्याच वावरात करायचं असतं.

तारीख आणि गाडी

तारीख दरवर्षी बदलते. गावच्या गटावर मागच्या वर्षाची पत्रिका पुन्हा फिरते आणि लोक भलत्याच दिवशी जाऊन उभे राहतात. पत्रिकेवरचं साल पाहा, तारखेला तोच वार येतो का हे कॅलेंडरवर ताडून घ्या. मग गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राला फोन करून खात्री करा. त्याच फोनवर तीन गोष्टी विचारा: नोंदणी आधी करायची की फाटकावर, आपल्या जिल्ह्यासाठी वेगळा दिवस ठेवला आहे का, आणि नमुने कुठे दाखवायचे. तालुक्याच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात अभ्यास दौऱ्यासाठी काही तरतूद आहे का, हेही याच वेळी विचारून ठेवा. मंजुरीला वेळ लागतो, आदल्या आठवड्यात विचारून उपयोग होत नाही.

गट बारा ते सोळा माणसांचा ठेवा. त्याहून मोठा झाला की मागच्यांना ऐकू येत नाही आणि ते चहाच्या टपरीकडे सरकतात. मालवाहू गाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून हायवेने जाऊ नका. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, आणि जिवाची जोखीम वेगळीच. एसटी सोयीची असेल तर महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, आधार कार्ड मात्र जवळ हवं. निम्म्या जागा बायांसाठी ठेवा. निंदणी, वेचणी, बियाण्याची साठवण त्यांच्या हातची. बोंड वेचायला सोपं आहे का, तण कोणतं वरचढ होतं, हे प्रश्न त्यांच्याकडूनच येतात आणि ते विचारले गेलेच पाहिजेत.

गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या धानवाल्यांना अकोला फार लांब पडतं, आणि तिथे पाहायला मिळतं ते मुख्यतः कापूस-सोयाबीन-तुरीच्या मुलखातलं. त्यांनी याच विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रात शेतकऱ्यांसाठी दिवस कधी असतो ते विचारावं. संत्रावाल्यांसाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. पुढे सांगितलेली तयारी तिथेही तशीच लागू पडते.

आजारी झाड कसं न्यायचं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक पूर्ण वाळलेलं एक झाड उपटतात, प्लॅस्टिकच्या पन्नीत कोंबतात आणि गाडीच्या टपावर टाकतात. अकोल्याला पोहोचेपर्यंत आत वाफ धरते, पानं काळी पडतात, वर बुरशी चढते. मग मूळ रोग कोणता आणि पन्नीत झालेली कूज कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही. मेलेल्या झाडावर रोगाचं कारण सापडणं आधीच अवघड, त्यात ही भर.

निघायच्या दिवशी सकाळी, दव उडाल्यावर झाडं काढा. फारच पहाटे निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळी. दोन झाडं जोरात लागलेली, दोन नुकती लागायला सुरुवात झालेली आणि एक त्याच वावरातलं निरोगी, अशी पाच न्या. नुकतं लागलेलं झाड सगळ्यात मोलाचं, कारण रोग किंवा कीड तेव्हा जिवंत असते. झाड हाताने ओढून उपटू नका, बारीक मुळ्या जमिनीतच तुटून राहतात आणि मूळकूज असेल तर पुरावाच मागे राहतो. कुदळीने बाजूची माती मोकळी करून ढेकळासकट काढा. मुळाला ओलसर कापड गुंडाळा, वरचा भाग कोरड्या वर्तमानपत्रात ठेवा. पानांवर पाणी शिंपडू नका.

सोयाबीन मधूनच सुकत असेल तर दोन-तीन झाडांचं खोड उभं चिरून पाहा. आत लालसर नागमोडी भुयार दिसलं तर खोडमाशीचा संशय घ्या. खोडावर किंवा देठावर दोन समांतर खापा असतील तर चक्रीभुंगा. चिरलेलं खोड तसंच सोबत न्या.

कपाशीसाठी एका एकरातून वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडा, सगळी एकाच कोपऱ्यातली नको. ती फोडून किती बोंडांत गुलाबी बोंडअळी किंवा तिचं नुकसान दिसतं ते मोजा. वीसात दोन म्हणजे १० टक्के. तिथे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे आता उपाय केलाच पाहिजे. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले असतील तर सलग तीन रात्री सापळ्यामागे रोज किती पतंग पडले तो आकडा लिहून न्या, आठ किंवा जास्त असतील तर तोही इशाराच. "अळी खूप आहे" यापेक्षा "वीसात पाच" हे ऐकून समोरचा माणूस लगेच कामाचं बोलू लागतो. अळी दाखवायची असेल तर घट्ट झाकणाच्या बरणीतूनच न्या, दुसऱ्याच्या वावरात कीड सोडून येऊ नका.

प्रत्येक नमुन्याला पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बांधा, शाई ओलाव्याने पसरते. चिठ्ठी अशी असावी:

"सोयाबीन, जेएस ३३५. पेरणी २४ जून, दीड फुटी तास. पेरताना एकरी एक बॅग डीएपी. तणनाशक एकदा, तेविसाव्या दिवशी. पिवळेपणा पहिल्यांदा दिसला पोळ्यानंतर, पाणी साचतं त्या बाजूने, आता तीन ठिकाणी चट्टे. मागच्या वर्षीही इथे सोयाबीनच होतं."

यातली "पाणी साचतं त्या बाजूने" आणि "मागच्या वर्षीही सोयाबीनच" ही दोन वाक्यं कधी कधी झाडापेक्षा जास्त सांगून जातात. फवारणी केली असेल तर औषधाचं नाव आणि पंपाला किती टाकलं तेही लिहा. रिकाम्या डब्याच्या लेबलाचा फोटो चालेल, डबा नेऊ नका. मोबाइलमध्ये तीन फोटो घ्या: अख्खं वावर, एक पूर्ण झाड आणि पानाची खालची बाजू.

माती आणि पाणी

उभ्या पिकातली, खत टाकलेली माती तपासायला नेण्यात अर्थ नाही. आकडे खताचे येतात, जमिनीचे येत नाहीत. मूग-उडीद निघून वावर रिकामं झालं असेल आणि पुढे हरभरा घ्यायचा असेल तर मात्र तिथली माती अवश्य न्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, एक वीत म्हणजे साधारण ९ इंच खोल खड्डा घ्या. खड्ड्यातली माती काढून टाका आणि भिंतीवरून वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीचा काप घ्या. धुरा (बांध), झाडाखालची जागा, उकिरडा, बैल बांधायची जागा टाळा. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत माती ठेवली की तपासणी वाया गेलीच समजा.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांनी मातीच्या आधी पाणी न्यावं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात बोअरचं पाणी काळ्या जमिनीला देण्याआधी त्यातले क्षार कळलेच पाहिजेत. जमीन एकदा चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि निचरा न होणारी, झाली की दुरुस्तीला वर्षं जातात. मोटर वीस मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जाईल. लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, त्याच दिवशी पोहोचवा. तपासणीचं शुल्क आणि नमुना कुठे द्यायचा ते फोनवर आधीच विचारा, फेरीच्या गर्दीत प्रयोगशाळा शोधत फिरण्यात अर्धा दिवस जातो.

प्लॉटवर काय पाहायचं

सकाळी नऊपर्यंत फाटकावर पोहोचा. दुपारी ऊन सोसत नाही आणि विचारणारे कंटाळतात, सांगणारेही. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर निघण्यापूर्वी एक फोन करा. ओल्या काळ्या मातीत गाड्या फसतात, मग काही प्लॉट बंद ठेवावे लागतात. शिदोरी, पाणी, टोपी आणि चिखलात चालतील अशा चपला सोबत हव्या.

आधी फलकाचा फोटो, मग पिकाचा. हा क्रम मोडला की घरी गेल्यावर चाळीस फोटोंत सोयाबीनच्या वाणांपैकी यलो गोल्ड कोणतं आणि सुवर्ण सोया कोणतं ते कळत नाही. फलकावर पेरणीची तारीख पाहा. आठ दिवस आधी पेरलेलं पीक तुमच्यापेक्षा भरलेलं दिसणारच, त्यात वाणाचा गुण किती ते वेगळं काढावं लागतं. सोयाबीनची सगळ्यात खालची शेंग जमिनीपासून किती उंच आहे ते हाताने मोजा. चार बोटांपेक्षा खाली असेल तर हार्वेस्टरने ती वावरातच राहील. वरंबा-सरीचा प्लॉट असेल तर सरीत उतरून पाहा, पाणी कुठून निघून गेलं ते दिसतं. कोरडवाहू हलक्या जमिनीवाल्यांनी एकेए-७ सारख्या देशी कपाशीसमोर थोडं जास्त थांबावं.

शेंग, बोंड, ओंबी तोडू नका. प्रयोगाच्या प्लॉटमध्ये झाडागणिक मोजणी होते. प्रत्येक गटाने दोन बोंडं खिशात घातली तर त्या वर्षाचा आकडाच खोटा ठरतो, आणि तो आकडा पुढे आपल्याच कामाला येणार असतो.

प्रश्न विचारायला दोन माणसं आधीच ठरवा, एक पिकाचा आणि एक किडी-रोगाचा. तिसऱ्याने फक्त लिहायचं. उत्पादन किती हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा: कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर, किती फवारण्या करून? आणि या वाणाची वाईट बाजू कोणती? या प्रश्नाला शास्त्रज्ञ मोकळेपणाने उत्तर देतात, कारण त्यांना ती नेमकी ठाऊक असते.

औषध सांगितलं तर घटकाचं नाव, पंपाला किती मिलि आणि कशात मिसळायचं नाही, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या आणि वाचून दाखवा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ऐकीव मात्रेवर, मनाने दोन-तीन औषधं एकत्र करून पंप भरणं थांबलंच पाहिजे.

बियाणं विक्रीला असेल तर आधी तिकडे एक माणूस पाठवा, संपायला वेळ लागत नाही. हरभऱ्याचं बियाणं लगेच कामाला येतं. ते पावतीसह घ्या आणि पिशवीवरचं लेबल जपून ठेवा. डाळीच्या घरगुती धंद्याचा विचार करणाऱ्या बचत गटांनी याच विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल चालू असताना पाहावी आणि तासाला किती तूर निघते, वीज किती फेजची लागते, जाळी कधी बदलावी लागते, हे चालवणाऱ्यालाच विचारावं.

परतल्यावर

चार दिवसांत, आठवण ताजी असताना, ग्रामपंचायतीत किंवा देवळात बसा आणि लिहिलेलं वाचून दाखवा. नवीन वाण एकदम पाच एकरांवर घेऊ नका. पुढच्या खरिपात दोन-तीन जणांनी एकाच वावरात दहा गुंठे नवीन आणि शेजारी दहा गुंठे जुना वाण पेरावा. सोयाबीनला एकरी ३० किलो धरलं तर दहा गुंठ्यांना साडेसात किलो बियाणं लागतं. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. सत्तरच्या खाली कोंब आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा किंवा बदला. पेरणी एकाच दिवशी, खत तेवढंच, फवारणी तीच. धुऱ्याकडची दोन-दोन तासं हिशेबात धरू नका, तिथे पीक नेहमी वेगळंच येतं. मळणी वेगळी करा, दोन्ही ढीग सारखेच वाळवा आणि एकाच काट्यावर तोला. ते दोन आकडे, पेरणीच्या आणि काढणीच्या तारखेसह, पुढच्या फेरीला जाणाऱ्या गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून द्या.