जावयाचे दोन पासपोर्ट, मुलीचा एक व्हिसा

मुलगा दोन देशांचा नागरिक आहे म्हणजे मुलीचा व्हिसा दुप्पट सोपा, असं आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या निम्म्या लोकांना वाटतं. तसं नसतं. जावयाकडे कुठले पासपोर्ट आहेत हे नंतर बघा, आधी विचारा की संसार कुठं मांडणार. मुलीचा मार्ग त्यावर ठरतो.

आमच्या घरातलंच उदाहरण घेते. भाचीचा नवरा मूळ मिरजेच्या डॉक्टर घराण्यातला. आई-वडील बेलफास्टला स्थायिक झाल्यावर तिथंच जन्मला, त्यामुळं ब्रिटिश आणि आयरिश अशी दोन्ही नागरिकत्वं. (आपल्याकडं ही सोय नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, हे स्थळं सुचवणाऱ्यांना कुणीतरी सांगा.) नोकरीच्या शक्यता तीन होत्या: लंडन, डब्लिन, ॲम्स्टरडॅम. मी बँकेत कर्ज विभागात होते, त्यामुळं तिन्हींची फाइल कर्जप्रकरणासारखीच तपासली.

लंडनला सगळ्यात आधी उत्पन्न बघतात. 11 एप्रिल 2024 पासून नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न किमान 29,000 पौंड लागतं. मुलगी सांगलीत कितीही कमावत असू दे, पहिल्या अर्जात तिचा पगार धरत नाहीत. उत्पन्न अजिबात नसेल तर 88,500 पौंड सहा महिने खात्यात पडून असावे लागतात. त्याशिवाय व्हिसाची फी, आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, इंग्रजीची परीक्षा आणि मान्यताप्राप्त केंद्रातला क्षयरोगाचा दाखला. व्हिसा पहिल्यांदा 33 महिन्यांचा मिळतो, मग मुदतवाढ, आणि पाच वर्षांनी कायमचं वास्तव्य. इथं आयरिश पासपोर्ट काढून दाखवला तरी काही फरक पडत नाही. नवरा ब्रिटिश नागरिक असो की आयरिश, बायकोला तेच नियम. उत्तर आयर्लंडच्या लोकांसाठी एक सवलत होती, पण त्यासाठी नातं 31 डिसेंबर 2020 आधीचं लागतं.

डब्लिनला तो आयर्लंडचा घरचा नागरिक ठरतो, म्हणून तिथले देशांतर्गत नियम लागतात. मुलीनं इथूनच डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) काढायचा, तिथं गेल्यावर नोंदणी करायची. मग स्टँप 4 नावाची राहण्याची परवानगी मिळते आणि त्यावर वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. आयरिश नागरिकाच्या जोडीदाराला, लग्नाला आणि तिथल्या वास्तव्याला तीन-तीन वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. लंडनपेक्षा हे मला सरळ वाटलं.

खरी गंमत ॲम्स्टरडॅमची. तिथं तो ना डच, ना घरचा. तो युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाचा नागरिक, आणि म्हणूनच त्याच्या बायकोला जास्त हक्क. युरोपीय संघाच्या 2004 च्या निर्देशानुसार (सदस्य देशांना बांधणारा कायदा, क्रमांक 38) असा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात खरोखर नोकरी किंवा व्यवसाय करत असेल, तर बायकोचा प्रवेश व्हिसा मोफत आणि लवकर द्यायचा असतो. वास्तव्याचं कार्ड सहा महिन्यांच्या आत द्यायचं, ते साधारण पाच वर्षांचं, आणि तिला नोकरीचा हक्क. नवऱ्याला ठरावीक पगाराची अट नाही, तिला भाषेची परीक्षा नाही. स्वतःच्या देशात राहून मात्र हा हक्क मागता येत नाही. 2011 च्या मॅकार्थी प्रकरणात ब्रिटिश आणि आयरिश अशी दोन्ही नागरिकत्वं असलेली, पण जन्मभर इंग्लंडमध्येच राहिलेली बाई आयरिश पासपोर्टच्या जोरावर नवऱ्यासाठी हक्क मागत होती. युरोपीय न्यायालयानं नाही म्हटलं. दुसऱ्या देशात खरंच राहून, काम करून परत आलात तर गोष्ट वेगळी. तसा निकाल 1992 चा, आणि त्यातला नवरा आपलाच, सुरिंदर सिंग नावाचा भारतीय. म्हणजे ॲम्स्टरडॅमहून पुढं डब्लिनला जायचं ठरलं, तर हाच हक्क बरोबर नेता येतो. लंडनला नेता येत नाही, ब्रिटन संघातून बाहेर पडलंय.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर पाठवा, तिथं गेल्यावर बदलून घेऊ’ असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथूनच जोडीदाराच्या व्हिसावर जाता येत नाही.

कागदांत आपल्याकडचा घोळ नावांचा. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं. दहावीच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. माझा सल्ला असा: व्हिसा हातात पडेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नका, आणि विवाह नोंदणीच्या अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच अक्षर न अक्षर लिहा. नोंदणी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जिथं लागू असेल तिथं करा; हॉलच्या पावतीला आणि पत्रिकेला पुरावा म्हणून किंमत आहे, पण दाखल्याची जागा ती घेत नाही. दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्का, करून घ्या. भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 पासून आहे. लग्नाआधीच्या ओळखीचे पुरावेही जपा: तिकिटं, भेटींचे फोटो, निरोपांच्या तारखा. ठरवून झालेल्या लग्नात ते थोडेच असतात, म्हणून दोन्ही घरच्या बैठका, साखरपुडा, देवदर्शन यांचे तारखेसह फोटो ठेवा. अधिकाऱ्याला नातं खरं वाटलं पाहिजे. अल्बम देखणा नसला तरी चालतो.

शेवटचं, जे तासगाव भागातल्या बागायतदारांनी आधी वाचावं. मुलीनं कायमचं वास्तव्य घेतलं तरी ती भारतीयच राहते. परदेशी नागरिकत्व घेतलं की 1955 च्या कायद्याच्या कलम 9 नं भारतीय नागरिकत्व आपोआप जातं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. पण शेतजमिनीचा प्रश्न त्याआधीच सुरू होतो: परदेशी राहायला गेल्यावर, भारतीय पासपोर्ट असला तरी, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली द्राक्षबाग सातबाऱ्यावर लागते. शेजारचा तुकडा तिच्या नावावर घ्यायचाच असेल, तर खरेदीखत ती इथं असतानाच करा, विमानाचं तिकीट त्यानंतर.