सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करताय? सांगली-साताऱ्यात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी कॉलेज किंवा साखराळ्याचं आरआयटी, कुठेही नव्याने पीएचडीला लागलेल्या प्राध्यापकाला विषय विचारा. बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं: एक तयार डेटासेट, त्यावर मशीन लर्निंगचं एक नवं मॉडेल आणि जुन्यापेक्षा दोन टक्के जास्त अचूकता. मेहनत भरपूर होते, पण पुढे पेपर तपासणारा रिव्ह्यूअर विचारतो की यातून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला काय कळलं, आणि तिथे गाडी अडते.

प्रश्नाआधी शीर्षक ठरवणं

सिनॉप्सिसची (संशोधनाच्या आराखड्याची) घाई असते म्हणून 'अॅन इफिशियंट अॅप्रोच फॉर' असं शीर्षक आधी लिहिलं जातं आणि मग त्याखाली एखादी सिस्टीम बांधली जाते. चांगली सिस्टीम बांधणं मोठंच काम आहे, पण त्यातून दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं उत्तर निघालं नाही तर ते डेव्हलपमेंट झालं. कोणत्या प्रकारच्या बदलानंतर बग (कोडमधले दोष) जास्त येतात? कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकाचा कोड दुसरा तपासतो तेव्हा, कोणत्या चुका सुटून जातात? असा प्रश्न एका वाक्यात लिहून गाइडना दाखवा. तो जमेपर्यंत सिनॉप्सिस थांबू दे.

फुकट मिळालेल्या डेटावर डोळे मिटून विश्वास

बग कुठे निघतील याचा अंदाज बांधणं हा आपल्याकडचा आवडता विषय, आणि त्यासाठी नासाच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या नोंदी असलेले जेएम१, केसी१, पीसी१ हे डेटासेट घेतले जातात. त्यांतल्या त्रुटींवर आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये 2013 साली सविस्तर लेख आला. एकच नोंद पुन्हा पुन्हा येणं हा त्यातला मोठा दोष. तीच नोंद ट्रेनिंगमध्येही गेली आणि टेस्टिंगमध्येही, तर मॉडेलला परीक्षेचा पेपर आधीच मिळाला. तरीही हे आकडे जसेच्या तसे वापरलेले प्रबंध दिसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यामागे कुणाची तरी तीन-चार वर्षं गेलेली असतात.

आधी दुबार नोंदी काढा. नुसती अचूकता सांगू नका: सॉफ्टवेअरच्या 100 मॉड्यूलपैकी (भागांपैकी) 10 सदोष असतील, तर 'सगळी चांगली' म्हणणारं मॉडेलही 90 टक्के अचूक ठरतं. प्रिसिजन (सदोष म्हटलेल्यांपैकी खरंच सदोष किती) आणि रिकॉल (खऱ्या सदोषांपैकी सापडले किती) दोन्ही द्या. शक्य असेल तिथे जुन्या आवृत्तीवर शिकवा आणि नंतरच्या आवृत्तीवर तपासा, कारण प्रत्यक्षात काम त्याच क्रमाने होतं. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवरून प्रकल्प उचलतानाही सांभाळा. तिथली कितीतरी रिपॉझिटरी (प्रकल्पांची कोडची खाती) एकट्याच्या सरावाची किंवा केव्हाच बंद पडलेली असतात. निवडीचे निकष लिहून ठेवा.

दाराशी असलेला विषय न दिसणं

मला सगळ्यात जास्त तळमळ याची वाटते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने, पतसंस्था, बाजार समित्या आहेत आणि त्यांचे हिशेब सॉफ्टवेअरवर चालतात. गळीत हंगाम तोंडावर असताना दराचं सूत्र बदललं तर हाताशी असलेल्या चार माणसांनी काय टेस्ट करायचं आणि काय सोडायचं? 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, तेव्हा जुन्या बिलिंगच्या कोडमध्ये नेमकं कुठे कुठे हात घालावा लागला? छोट्या टीमचं मेंटेनन्स हा खरा संशोधनाचा विषय आहे, आणि त्यासाठी लागणारी माणसं कुपवाड-मिरजेत भेटतात.

मात्र तोंडी परवानगीवर काम सुरू करू नका. लेखी संमती घ्या, संस्थेचं आणि सभासदांचं नाव झाका. मुलाखती मराठीतच घ्या, मूळ मराठी मजकूर जपून ठेवा आणि उत्तरांचं वर्गीकरण दोघांनी वेगवेगळं करून मग ताडून बघा.

आठ दिवसांत 'अॅक्सेप्टेड'

पैसे भरा आणि आठवड्यात छापा असं म्हणणारी जर्नल्स अजून जोरात आहेत. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही, आणि यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर यादी 2025 मध्ये बंद झाली. विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे तपासा, पण जर्नल पारखायची जबाबदारी आता आपली. सोपी कसोटी सांगतो: तुम्ही संदर्भात घेतलेले चांगले पेपर त्या ठिकाणी छापले गेलेत का? नसतील तर सोडून द्या. या शाखेत कॉन्फरन्सला फार मान आहे. आयसीएसई ही सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स 1975 पासून चालू आहे, याच विषयाची भारतातली आयसेक 2008 पासून. पहिला पेपर आयसेकला पाठवायला काहीच हरकत नाही.

पेपर परत आला तर

'नॉव्हेल्टी (नवेपणा) कमी' असा शेरा आला की बरेच जण मॉडेल बदलतात. आधी पेपरची प्रस्तावना आणि मागच्या कामाचा आढावा बघा. प्रश्न धूसर असला किंवा जवळचे चार पेपर राहिले असले तरी हाच शेरा येतो. 'थ्रेट्स टु व्हॅलिडिटी'चा (निष्कर्षांच्या मर्यादांचा) भाग दुसऱ्याच्या पेपरवरून उतरवू नका, तुमच्या अभ्यासाचा निष्कर्ष कुठे लागू होत नाही ते त्यात लिहा. आणि तुमच्या प्रयोगाची स्क्रिप्ट (प्रोग्रॅम) दुसऱ्याच्या मशीनवर चालवून पाहिल्याशिवाय पेपर पाठवू नका.

वेळ

पीएचडीला किमान 3, कमाल 6 वर्षं, कोर्सवर्क (सुरुवातीचा अभ्यासक्रम) धरून. मुदतवाढ मिळते, पण ती धरून बेत आखू नका. लेक्चर, प्रॅक्टिकल आणि नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइलींत आठवडा कसा संपतो हे प्रत्येक प्राध्यापक जाणतो. टाइमटेबल लागण्याआधीच विभागप्रमुखांशी बोलून आठवड्यातल्या दोन सलग दुपारी मोकळ्या करून घ्या. ऑगस्टमध्ये मागितल्या तर मिळत नाहीत.