मेटोप्रोलॉलची गोळी घेताना या चुका टाळा

"मेटोप्रोलॉलच ना? मग कुठलीही द्या." मेडिकलच्या काउंटरवर बीपी आणि हृदयविकारावरच्या या गोळीबद्दल हे रोज ऐकते आणि दर वेळी स्ट्रिप उलटी करून दाखवते. मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं: मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५ मिग्रॅ, म्हणजेच मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५० मिग्रॅइतकं. मूळ औषध एकच, पण त्याला जोडलेलं आम्ल वेगळं, म्हणून वजनही वेगळं.

आणि फरक नुसता वजनाचा नाही. टार्ट्रेटची साधी गोळी पटकन विरघळते. रक्तातलं निम्मं औषध ३ ते ७ तासांत ओसरतं, म्हणून ती सहसा दिवसातून दोनदा घेतात. सक्सिनेटची गोळी तेच औषध दिवसभर थोडंथोडं सोडते, म्हणून एकदाच. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे १९९९ च्या मेरिट-एचएफ चाचणीत दिसलं, ते या सक्सिनेटनेच. तेव्हा चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच मागा.

गिळता येत नाही म्हणून आजीची गोळी खलबत्त्यात कुटून देणारी घरं मी पाहिली आहेत. सक्सिनेटची गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. नाडी मंदावते, चक्कर येते. मधे रेघ असलेल्या काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण विचारूनच. कुटायची, चावायची मात्र नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गोळी अचानक बंद करणं. "लग्नाला गावी गेलो, स्ट्रिप संपली, बीपी तर ठीकच होतं!" असं लोक सांगतात. हे औषध हृदयाच्या पेशींवरचे बीटा-१ रिसेप्टर अडवतं, म्हणजे हृदयाला जोरात पळवणाऱ्या ॲड्रेनालिन या संप्रेरकाची दारं बंद करतं. दारं बरेच दिवस बंद राहिली की पेशी नवी दारं काढतात. गोळी थांबली की जुनी-नवी सगळी एकदम उघडतात. धडधड वाढते, छातीत दुखतं, आधीच अरुंद रक्तवाहिन्या असतील तर हार्ट अटॅकही येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत नेतात. प्रवासाला निघताना जादा स्ट्रिप ठेवाच, कळकळीने सांगते.

नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. यकृतात मेटोप्रोलॉल मोडणारं एन्झाइम ती अडवतात आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. दमा असेल तर तेही सांगा.

मधुमेहींनी एक लक्षात ठेवावं: साखर उतरल्यावरची धडधड आणि थरथर ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र येतो. विनाकारण दरदरून घाम फुटला की लगेच साखर तपासा.