मित्रांसोबत हर्बल सप्लिमेंटचा व्यवसाय: बॅच कोण थांबवणार, ते आधी ठरवा

मित्रमैत्रिणींसोबत नैसर्गिक सप्लिमेंटचा व्यवसाय सुरू करायचाय, असं सांगत लोक सल्ला विचारायला येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. भांडवल किती लागेल, कोणतं उत्पादन चालेल, विक्री ऑनलाइन करावी की दुकानांतून. या सगळ्यांची उत्तरं मिळतात. मी मात्र आधी त्यांनाच एक प्रश्न विचारते: माल तयार आहे, ऑर्डरी खोळंबल्या आहेत आणि तपासणीतला एक आकडा पटत नाही. अशा वेळी ‘ही बॅच बाहेर जाणार नाही’ असं म्हणायचा अधिकार तुमच्यापैकी कोणाचा? यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर पैसे गुंतवायची घाई करू नका.

या व्यवसायात ग्राहकाला आपला माल पारखता येत नाही. कापडाचा पोत हाताला कळतो. कॅप्सूलमधल्या पावडरीत काय आहे हे रंगावरून कळत नाही, वासावरूनही नाही. बरं वाटलं तर ते कशामुळे हे सांगता येत नाही, आणि त्रास झाला तर कारण सापडायला वेळ लागतो. १९८९ मध्ये अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या गोळ्या घेणाऱ्या १,५०० हून अधिक लोकांना स्नायूंच्या असह्य वेदनांचा आजार जडला, अनेक जण दगावले. माग काढत गेल्यावर बहुतेक रुग्णांनी घेतलेला कच्चा माल एकाच उत्पादकाकडून आल्याचं दिसलं. बाटल्यांवरची नावं मात्र वेगवेगळी होती. लेबलवर आपलं नाव असेल तर आत जे आहे त्याची जबाबदारी आपली, मग ते कोणीही बनवलेलं असो.

आम्ही चौघांनी सुरुवात केली तेव्हा कामं अशी वाटून घेतली: एकाकडे विक्री, एकाकडे खरेदी आणि हिशोब, माझ्याकडे कारखान्याशी समन्वय, आणि आमच्यातल्या फार्मसी शिकलेल्या मैत्रिणीकडे गुणवत्ता. भागीदारीच्या करारात एक कलम घातलं. बॅच सोडायची की रोखायची हे ती ठरवेल आणि तिच्या निर्णयावर मतदान होणार नाही. ‘आपल्यात कशाला कागदपत्रं’ असा सूर तेव्हा लागला होता. मैत्रीत ‘जाऊ दे ना’ म्हणायची सवय असते आणि मैत्री टिकते ती त्या सवयीमुळेच, हेही खरं. पण दर महिन्याला विक्रीचं उद्दिष्ट ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्याच हातात बॅच सोडण्याचा अधिकार दिला, तर आपण त्या मित्रावर अन्याय करतो.

या कलमाची खरी परीक्षा अश्वगंधाच्या एका लॉटच्या वेळी झाली. पुरवठादाराच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर, म्हणजे ज्याला सगळे सीओए म्हणतात त्यावर, विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधातला गुणकारी घटक, ५ टक्के लिहिलं होतं. आम्ही स्वतंत्र प्रयोगशाळेत नमुना पाठवला, तिथे आकडा बराच कमी आला. दोन्हीकडे कोणी खोटं बोललं नव्हतं. पुरवठादाराने वजनी पद्धत वापरली होती; त्या पद्धतीत विथॅनोलाइडसोबत येणारे इतर पदार्थही मोजले जातात. प्रयोगशाळेने एचपीएलसी या यंत्राच्या पद्धतीने मोजलं होतं, त्यात प्रत्येक घटक वेगळा होऊन मोजला जातो. लेबलवर मात्र एकच आकडा छापायचा असतो. मैत्रिणीने लॉट रोखला. विक्री सांभाळणारा मित्र आठवडाभर धुसफुसत होता, आणि त्याचंही बरोबर होतं, कारण दुकानदारांना तोंड त्याला द्यायचं होतं. पण वाद घालायचा तर कलमाशी घालावा लागत होता, तिच्याशी नव्हे, आणि म्हणून तो वाद तिथेच मिटला. तेव्हापासून कच्च्या मालाच्या प्रत्येक ऑर्डरमध्ये आम्ही टक्क्यांसोबत मोजण्याची पद्धतही लिहितो. तुम्ही पहिल्या ऑर्डरपासून लिहा.

सीओए वाचायला शिकणं हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. त्यावरचा लॉट नंबर आणि पोत्यावरचा लॉट नंबर एकच आहे का, तपासणीची तारीख कोणती, पद्धत कोणती, हे तर बघायचंच. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा या चार धातूंचे आकडे दिलेत की नुसतं ‘पास’ लिहिलंय, हेही बघा. नुसत्या ‘पास’ला माझ्या लेखी किंमत नाही. हळदीचंच घ्या. पिवळाधमक रंग यावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रंगद्रव्य मिसळण्याचे प्रकार झाले आहेत. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिशाची अशी भेसळ आढळली होती. तपासणी, दंड आणि जनजागृती यांच्या जोरावर २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे भेसळ थांबवता येते, पण कोणीतरी मोजलं तरच. वनस्पतीची ओळख पटवणारी चाचणीही वेगळी करून घ्या. पावडर झाल्यावर कोणतंही मूळ दुसऱ्या मुळासारखंच दिसतं. एचपीटीएलसी या चाचणीत पट्टीवर घटक वेगळे होऊन उमटणारे पट्टे मात्र त्या त्या वनस्पतीचे असतात.

आता उत्पादन ठरवण्याबद्दल. नव्या मंडळींच्या यादीत पाच-सहा उत्पादनं असतात, आणि प्रत्येकात दहा-बारा वनस्पती. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी एक, फार तर दोन उत्पादनं, आणि प्रत्येकात कमीत कमी घटक. घटक वाढला की त्याची ओळख, शुद्धता, धातू, जंतू, साठवण सगळं वाढतं, आणि प्रत्येकाचा डोस मात्र घटतो. कॅप्सूलचं गणित एकदा स्वतः करून बघा. ‘शून्य’ नंबरच्या कॅप्सूलची क्षमता ०.६८ मिलीलीटर असते. मिलीलीटरमागे अर्धा ग्रॅम भरणारी पावडर असेल तर एका कॅप्सूलमध्ये साधारण ३४० मिलिग्रॅम मावते. एखाद्या मुळीची रोजची मात्रा ३ ग्रॅम असेल तर दिवसाला जवळजवळ नऊ कॅप्सूल झाल्या! अशा कॅप्सूलमध्ये बारा वनस्पती कोंबल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला काय येणार? म्हणून लोक अर्काकडे वळतात. तिथे ‘१०:१’ असा शब्दप्रयोग भेटेल. त्याचा अर्थ इतकाच की दहा किलो वनस्पतीपासून एक किलो अर्क काढला. पाण्याने काढला की अल्कोहोलने, गुणकारी घटक किती उतरला, यातलं काहीच त्या गुणोत्तरात नाही. प्रमाणित घटकाची टक्केवारी मागा.

शाकाहारी ग्राहक गमावू नयेत म्हणून बहुतेक जण एचपीएमसीची, म्हणजे वनस्पतींच्या सेल्युलोजपासून बनवलेली, कॅप्सूल निवडतात, पण तिचा आणखी एक फायदा आहे. जिलेटिनच्या कवचात साधारण १३ ते १६ टक्के पाणी असतं. पाणी शोषून घेणारा अर्क आत भरला तर कवच कोरडं पडून तडकतं आणि पावडरीचे गोळे होतात. एचपीएमसीमध्ये पाणी बरंच कमी असल्याने हा त्रास कमी होतो. पावडरीची वॉटर अॅक्टिव्हिटीही, म्हणजे जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी किती आहे तेही, मोजून घ्या, ती ०.६ च्या खाली असेल तर बुरशी आणि जिवाणू वाढत नाहीत.

कारखान्याबद्दल थोडक्यात सांगते. सुरुवातीला स्वतःची यंत्रं घेऊ नका, थर्ड पार्टीकडून बनवून घ्या, पण कारखाना डोळ्यांनी बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. जीएमपीचं, म्हणजे चांगल्या उत्पादन पद्धतीचं, प्रमाणपत्र भिंतीवर असतंच. तुम्ही बघा की एक उत्पादन संपून दुसरं सुरू करताना यंत्र कसं धुतात, तपासणी न झालेला माल वेगळा ठेवतात का, आणि छापील लेबलं कुलपात असतात का. चुकीची लेबलं लागण्याचे घोळ बहुधा मोकळ्या पडलेल्या गठ्ठ्यांमुळे होतात. गुणवत्तेची कोणती जबाबदारी कोणाची, याचा लेखी करार कारखान्याशीही हवा.

बाटलीवरची एक्स्पायरी अंदाजाने छापायची नसते. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून माल किती टिकतो हे बघण्याची वेगवान चाचणी असते. तिच्या जोडीला साध्या तापमानात ठेवलेले नमुनेही वेळोवेळी तपासत राहावे लागतात. क जीवनसत्त्वासारखे घटक हळूहळू घटतात, त्यामुळे शेवटच्या दिवशीही लेबलवरचा आकडा खरा राहावा म्हणून थोडं जास्त भरावं लागतं. या चाचण्यांचा खर्च आणि वेळ पहिल्या आराखड्यात धरा. नाहीतर पैसे गोदामात अडकतात आणि माल जुना होत जातो.

जाहिरातीची भाषा हा मित्रांमध्ये हमखास वाद होणारा विषय. विक्रीवाल्याला ‘मधुमेह बरा करते’ लिहायचं असतं. ते लिहायचं नाही, कुठेच नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंटला बाजारात आणण्यापूर्वी मंजुरी लागत नाही, पण आजार बरा करण्याचा दावाही करता येत नाही. युरोपीय संघात २००६ च्या नियमानुसार आरोग्यविषयक दावा आधी मंजूर व्हावा लागतो. भारतात एफएसएसएआय या सरकारी अन्न नियामकाचे न्यूट्रास्युटिकलसाठीचे, म्हणजे अशा पोषक उत्पादनांसाठीचे, नियम आहेत. तुम्ही ज्या देशात विकणार तिथला कायदा मुळातून वाचा, कोणीतरी सांगितलेला सारांश नको. आणि कायद्याच्या पलीकडचं सांगायचं तर, तुमचा दावा वाचून कोणी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद केली, तर ते पाप तुमच्या माथी आहे.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्यही लेबलवर नको आणि बोलण्यातही नको. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा वेगवान होते. मग गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचं सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणूनचं औषध, रक्तात पुरेसं राहत नाही. काळ्या मिरीतल्या पिपेरिनचं उलटं आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात हळदीतल्या २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर कर्क्युमिनची जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात पोचणारं प्रमाण, २,००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा सगळे जाहिरातीत छापतात. पण पिपेरिन शरीराची औषधं मोडण्याची क्रियाच मंदावतं, त्यामुळे रुग्णाच्या इतर गोळ्यांचं प्रमाणही वाढू शकतं. गुण छापता तसा हा इशाराही त्याच आकाराच्या अक्षरांत छापा.

पैशांचं बोलणं सगळ्यात अवघड, म्हणून ते माल बाजारात यायच्या आधी करा. समान हिस्सा हे प्रेमाने ठरतं आणि पुढे काम असमान होत जातं. कोणाला चांगली नोकरी मिळते, कोणाच्या घरी आजारपण येतं. हिस्सा एकदम न देता चार वर्षांत हळूहळू मिळावा आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी बाहेर पडणाऱ्याला तो मिळू नये, अशी पद्धत नव्या कंपन्यांत रूढ आहे. ती मित्रांनाच जास्त उपयोगी पडते. पगार आणि हिस्सा वेगळे ठेवा. कोणी घरून पैसे आणून घातले तर ते कर्ज की भांडवल, हे त्याच दिवशी लिहा. बाहेर पडणाऱ्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची तेही आताच ठरवा, सगळे हसतमुख असताना. आणि नातेवाइकांनी, ओळखीच्यांनी विकत घेतलेल्या बाटल्या विक्रीत धरू नका. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा मागवतो तेव्हापासून मोजायला लागा.

तक्रारीची तयारी पहिली बाटली विकण्याआधी हवी. प्रत्येक बॅचच्या काही सीलबंद बाटल्या एक्स्पायरीनंतरही जपून ठेवा. अधूनमधून एखादा बॅच नंबर घेऊन कच्च्या मालाच्या पोत्यापासून शेवटच्या ग्राहकापर्यंतचा माग काही तासांत लागतो का, हे करून बघा. अमेरिकेत गंभीर दुष्परिणामाची तक्रार आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत ती सरकारी यंत्रणेला कळवावी लागते, त्यामुळे नोंद ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून असलेली बरी. फोन आला की सफाई देत बसू नका. आधी ग्राहकाला आपलं उत्पादन घेणं थांबवून डॉक्टरांना भेटायला सांगा. मग ते आणखी कोणती औषधं घेतात, किती दिवसांपासून, आणि बाटलीवरचा बॅच नंबर काय, हे विचारून लिहून घ्या, आणि त्याच बॅचची जपून ठेवलेली सीलबंद बाटली त्याच दिवशी प्रयोगशाळेत रवाना करा.