नमपायचा ॲरे सीच्या हाती देताना

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीत पर्जन्यमापक बसवलाय. मिनिटाला एक नोंद, म्हणजे दिवसाला १४४० आणि वर्षाला ५,२५,६००. गच्ची ३०० चौरस मीटरची. १ मिलिमीटर पाऊस पडला की चौरस मीटरमागे १ लिटर, म्हणजे एकूण ३०० लिटर पाणी. १०,००० लिटरची टाकी बांधली तर किती पाणी वाया जाईल, हा कमिटीचा प्रश्न.

टाकीची पातळी आधीच्या मिनिटावर ठरते, आणि टाकी भरली की वरचं पाणी सोडून द्यायचं. त्यामुळे हा हिशेब नमपायच्या (पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी) एका ओळीत बसत नाही. पायथनचा साधा लूप एकदा चालवायला ठीक आहे, पण टाकीचे शंभर आकार आणि पाणीवापराचे पन्नास अंदाज तपासायचे म्हटले की चहा पिऊन आलो तरी तो चालूच. म्हणून लूप सी या वेगवान भाषेत लिहिला.

आधी आकडे नमपायच्या ॲरेत, म्हणजे एकाच प्रकारच्या आकड्यांच्या रांगेत, घ्या. पायथनच्या लिस्टमध्ये प्रत्येक दशांश संख्या ही २४ बाइटची वेगळी वस्तू असते, वर तिच्याकडे बोट दाखवणारे ८ बाइट. नमपायच्या ‘फ्लोट६४’ ॲरेत नुसते ८ बाइट, तेही ओळीने. वर्षभराच्या नोंदी ४२ लाख बाइटमध्ये मावतात, आणि सीचा ‘डबल’ (दशांश संख्येचा प्रकार) नेमका याच रूपात असतो. त्यामुळे कॉपी न करता फक्त मेमरीतला पत्ता, म्हणजे पॉइंटर, दिला तरी भागतं.

टाकीचा आकार आणि पाणीवापर सोडून सीचं फंक्शन तीन गोष्टी घेतं: पावसाचा पॉइंटर, पातळी लिहायचा पॉइंटर आणि एकूण नोंदी. वाया गेलेलं पाणी ‘डबल’ म्हणून परत देतं. पातळीचा रिकामा ॲरे पायथनमध्येच तयार करून द्या. सीमध्ये ‘मॅलॉक’ करून, म्हणजे तिथेच मेमरी मागून घेऊन, परत पाठवलात तर ती मेमरी मोकळी कोण करणार, हा वाद उगाच अंगावर येतो. लिनक्सवर जीसीसी या सीच्या कंपायलरला ‘शेअर्ड’ आणि ‘एफपीआयसी’ हे पर्याय दिले की लायब्ररी तयार. ती पायथनसोबत येणाऱ्या सीटाइप्स या मॉड्यूलने उघडायची.

आता फंक्शनचा ‘रेसटाइप’, म्हणजे उत्तराचा प्रकार, न विसरता ‘सी डबल’ करा. सांगितलं नाही तर सीटाइप्स उत्तर पूर्णांक आहे असं धरून चालतं आणि लिटरच्या जागी भलताच आकडा दिसतो.

मी अडकलो त्याच्या पुढे. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला सलग किती दिवस पाऊस होता, हे मोजायला दुसरं फंक्शन लिहिलं. ३६५ दिवस बाय १४४० मिनिटांच्या ॲरेतला १०८० क्रमांकाचा (शून्यापासून मोजून, म्हणजे संध्याकाळी सहाचा) कॉलम काढून त्याचा पत्ता दिला. उत्तर आलं ० दिवस. जुलैत ठाणे स्टेशनला उतरणाऱ्या माणसाला हे पटेल का?

ॲरेचे ‘स्ट्राइड्स’ छापले तेव्हा कळलं. कॉलम काढताना नमपाय आकडे हलवत नाही, फक्त ‘दर ११,५२० बाइटवर पुढचा आकडा’ अशी खूण ठेवतं. ती खूण पॉइंटरबरोबर जात नाही. सी बिचारं दर ८ बाइटवर वाचत गेलं: १ जानेवारीच्या संध्याकाळी सहापासून मध्यरात्र उलटून चार मिनिटांपर्यंतच्या ३६५ नोंदी. सगळ्या कोरड्या ठणठणीत. एरर नाही, क्रॅश नाही.

यावर उपाय दोन, आणि मी दोन्ही वापरतो. ‘आर्गटाइप्स’मध्ये, म्हणजे फंक्शनला द्यायच्या गोष्टींच्या प्रकारांत, नमपायचा ‘एनडीपॉइंटर’ लावा: प्रकार फ्लोट६४, मिती १, फ्लॅग ‘सी कंटिग्युअस’ (आकडे सलग हवेत). मग तुटक ॲरे दारातच अडतो. दुसरं, कॉलम आधी ‘ॲज कंटिग्युअस ॲरे’मधून काढा. आकडे सलग मांडलेली प्रत मिळते. ३६५ आकड्यांची कॉपी म्हणजे २,९२० बाइट, तेवढ्यासाठी कंजुषी नको.

मात्र सी ज्या ॲरेत लिहिणार आहे, त्याला हा दुसरा उपाय लावू नका. ॲरे तुटक असेल तर सी प्रतीत लिहितं, मूळ ॲरे जसाच्या तसा राहतो आणि टाकी वर्षभर रिकामी दिसते. शिवाय प्रतीला आधी नाव द्या. त्याच ओळीत नुसता पत्त्याचा आकडा काढून घेतलात, तर कॉल होण्याआधीच पायथन ती प्रत पुसून टाकू शकतं आणि पत्त्यावर दुसरंच कुणीतरी राहायला येतं.