क्रूचं बोलणं कानावर पडलं तर त्यातून काय समजायचं

तास-दीड तासाच्या उड्डाणात केबिन क्रूचं कामाचं बोलणं बहुतेक जमिनीवरच उरकतं, दारं बंद होण्याआधी. वर गेल्यावर ट्रॉली निघते आणि मग कानावर येतात त्या ड्युटी-रोस्टरच्या गप्पा. त्यामुळे बोर्डिंग चालू असताना कानातलं काढून ठेवा.

पुढच्या दोन रांगा सगळ्यात बऱ्या. ग्राउंड स्टाफ दारात येऊन हेडकाउंट जुळवतो, लोडशीट (विमानातल्या वजनाचा हिशेब) देतो. शेवटच्या रांगेत मागची गॅली (क्रूचं स्वयंपाकघर) जवळ असते, पण इंजिनाची घरघरही जास्त. तिथे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन गाणी न लावता घाला. घरघर दबते, माणसांचे आवाज त्या मानाने स्पष्ट येतात.

लक्ष द्यायचा शब्द म्हणजे 'ऑफलोड'. चेक-इन करून प्रवासी आलाच नाही, तर त्याची बॅग उतरवावी लागते. बोइंग ७३७ मध्ये बॅगा कंटेनरशिवाय, सुट्या रचतात, त्यामुळे एका बॅगेसाठी पन्नास हलवाव्या लागू शकतात. 'नो-शो' ऐकलंत तर पुढे बॅगेचा उल्लेख येतो का बघा. गैरहजर माणसाकडे फक्त हातातलं सामान असेल, तर फारसा खोळंबा नाही. 'स्लॉट' म्हणजे नियंत्रण कक्षाने ठरवून दिलेली उड्डाणाची वेळ. ती हुकली की नवी मिळेपर्यंत दारं लावूनही बसून राहावं लागतं.

'आर्म डोअर्स अँड क्रॉस-चेक' ही रोजचीच सूचना. यानंतर दार आतून उघडलं तर आपत्कालीन घसरगुंडी फुगते. क्रॉस-चेक म्हणजे समोरच्या दारावरच्या सहकाऱ्याने केलेली खात्री. उतरल्यावर 'डिसआर्म' होईपर्यंत दाराजवळ घुटमळू नका.

एअरबस ए३२० मध्ये उंच-खालच्या सुरातली एक 'टिंग-टाँग' म्हणजे क्रूचा आपसातला इंटरफोन. एकच उंच 'टिंग' म्हणजे कुणा प्रवाशाने बटण दाबलंय. दोन्हींत घाबरण्यासारखं काही नाही. टेकऑफ-लँडिंगला जंपसीटवरची (क्रूच्या घडीच्या आसनावरची) मंडळी गप्प असतात तीही भीतीने नव्हे. दार कोणतं, आज्ञा कोणत्या, बाहेर आग दिसली तर काय, याची ती मनातल्या मनात उजळणी असते. तेव्हा त्यांना काही विचारू नये.

गफलत होते ती अर्धं वाक्य ऐकून. 'डेडहेड' म्हणजे प्रवासी म्हणून बसून चाललेला क्रू, कुणी दगावलेलं नाही. 'लॉगमध्ये', म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, 'लिहिलंय' हे मागे न झुकणाऱ्या सीटबद्दलही असू शकतं. म्हणून शेजाऱ्याला लगेच बातमी देऊ नका. कुणाच्या आजारपणाचं कानावर आलं तर ते तिथेच सोडा, आणि रेकॉर्डिंग तर मुळीच नको.

उशिराचा सुगावा लागला तर 'मी ऐकलं' असं म्हणू नका, समोरचा लगेच सावध होतो. 'पुढची फ्लाइट अमुक वाजता आहे, मिळेल का?' असं विचारा. वेळ नेमकी सांगितलीत तर त्यांनाही पुढे कळवणं सोपं जातं.